ब्रेकरच्या अलीकडे

गाडी मी घेतली, हे वाक्य लाखनीत मला निदान चाळीस वेळा बोलावं लागलं. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि विचारायचे, "पोरासाठी घेतली का?" मला पोरगा नाही. पोरगी आहे, ती पुण्यात शिकते आणि गाडीत बसलं की तिला मळमळतं. "मग साहेबांसाठी असन." साहेब म्हणजे माझा नवरा. त्याचं कापडाचं दुकान घरापासून ऐंशी पावलांवर आहे आणि त्याला मोपेडसुद्धा जरा जास्तच पळते असं वाटतं. मी पुन्हा म्हणायची, मी घेतली, मीच चालवणार. मग पुढचा प्रश्न यायचा, "मायलेज किती देते?" मी खरा आकडा सांगितला की समोरचा माणूस माझ्याकडं घरात कुणी वारल्यासारखा बघायचा.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. चोवीस वर्षं हायवेनं शाळेत गेले, आधी एसटीनं, मग स्कूटीनं. चोवीस वर्षं माझ्या नाकासमोर कोणत्या ना कोणत्या ट्रकचा मागचा फाळका होता. धानाचा ट्रक, कोंड्याचा ट्रक, गिट्टीचा, लोखंडी सळ्यांचा. त्या फाळक्यांवरचा मजकूर मला पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त पाठ आहे. मला एकदा त्यांच्या पुढं जायचं होतं. गाडी घेण्याचं एवढंच कारण. हे कारण लोकांना पटत नाही, म्हणून मी सांगते की बरी मिळाली.

मिळाली ती नागपूरच्या एका तरुण डॉक्टरकडून. बाहेरून साधी लहान गाडी, लाल रंगाची, मागं वर उघडणारं दार. आत मात्र टर्बो इंजिन, कडक स्प्रिंगा, जमिनीला टेकायला आलेलं पोट आणि मागं दोन धुराडी. काट्याच्या तबकडीवर दोनशे वीसपर्यंत आकडे. डॉक्टर गाडी विकत होता कारण त्याची पाठ धरली होती. तो हाडांचा डॉक्टर होता. हाडांच्या डॉक्टरनं पाठीसाठी विकलेली गाडी आपण घेऊ नये, हे मला पंधरा दिवसांनी सुचलं.

पहिला महिना आम्ही एकमेकींना ओळखण्यात घालवला. तिचा क्लच इतका जड होता की शाळेच्या जिन्यावर माझा डावा पाय उजव्याच्या आधी पोचू लागला. शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली की ती टुणटुण वाजायची, पट्टा लावा म्हणून. मी चार दिवस तिच्याशी भांडले आणि पाचव्या दिवशी वांग्यांना पट्टा लावला. नवरा बसायचा तेव्हा त्याच्यासमोर नसलेला ब्रेक तो दोन्ही पायांनी दाबायचा. पहिल्याच रविवारी हायवेवर मी एक ट्रक मागं टाकला. चोवीस वर्षं वाट पाहिली होती, तीन सेकंद लागले. पुढं दुसरा ट्रक होता.

खरी अडचण वेगाची नव्हती. पोटाची होती. आमच्याकडं रस्त्यावर ब्रेकर सरकार कमी आणि लोक जास्त बांधतात. ज्याच्या घरासमोरून रस्ता जातो त्याच्याकडं कधी ना कधी अर्धं पोतं सिमेंट उरतंच. किराणा दुकानासमोरचा ब्रेकर, देवळासमोरचा, लग्न असेल तर मांडवासमोरचा, आणि लग्न होऊन पोरगी बाळंतपणाला परत आली तरी तो तिथंच. माझ्या गाडीचं पोट प्रत्येकावर खरडायचं, आणि तो आवाज ऐकला की माझ्या दातांतून कळ जायची. गॅरेजवाला गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी एक नंबर हाय. पर आपल्या रोडाची नोहे. वर उचलून देऊ का?" मी नाही म्हणाले. गाडी तिरपी करून एकेक चाक चढवायचं मी शिकले. लाखनीपासून माहेरापर्यंत सतरा ब्रेकर आहेत. सोळा मी जिंकले.

सतरावा माझ्या बाबांचा.

माझं माहेर एकोडीच्या थोडं पुढं, रस्त्याला लागून. बाबांची धानाची शेती आहे. पूर्वी धान निघालं की सगळं गाव ते वाळवायला डांबरी रस्त्यावर अर्ध्या बाजूला पसरायचं, आणि बाया पायांनी सारत सारत ते उलटं-सुलटं करायच्या. चौदा वर्षांपूर्वी, अशाच एका संध्याकाळी, दिवस कलताना, माय कमरेवर टोपलं घेऊन आमच्या दारासमोर धान सारत होती. मोठ्या रस्त्याकडून एक पांढरी, ठेंगणी गाडी आली आणि मायला उडवून गेली. शंभरेक पावलांवर तिचे मागचे लाल दिवे लागले. सगळ्यांना वाटलं थांबली. मग दिवे विझले आणि गाडी निघून गेली. नंबर कुणी पाहिला नाही.

मायच्या कमरेच्या हाडात सळई बसली. ती तेव्हापासून काठी घेऊन चालते. माय दवाखान्यातून घरी यायच्या आत बाबांनी विहिरीच्या कामातलं उरलेलं सिमेंट आणून, गाड्या ज्या बाजूनं येतात त्या बाजूला, घराच्या वीसेक पावलं अलीकडं एक ब्रेकर बांधला. ग्रामपंचायतीतून माणूस आला, असा ब्रेकर बांधता येत नाही म्हणाला. बाबा "बरं" म्हणाले आणि दुसरा थर टाकला. मग दरवर्षी धान उचललं की एक थर. एसटीचा ड्रायव्हर आधी हॉर्न मारून शिव्या द्यायचा. पुढं त्याला तिथं जवळजवळ थांबावंच लागायला लागलं, तेव्हा लोक तिथंच चढू-उतरू लागले, आणि आता तो अधिकृत थांबा असल्यासारखा सगळे वागतात. माय दारासमोरच्या त्या डांबरावर पाय ठेवेनाशी झाली. धान अंगणात वाळू लागलं. आणि बाबांनी जाहीर केलं की माय एसटीशिवाय कशातही बसणार नाही, कारण ती घाबरते.

मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेले ते पोळ्याला. सतराव्या ब्रेकरवर पुढची चाकं चढली, उतरली, आणि गाडी पोटावर बसली. पुढं जाईना, मागं येईना. चार माणसांनी उचलून मागं ढकलली. बाबा ओट्यावर उभे राहून बघत होते, खाली आले नाहीत. मायनं बैलांना ओवाळलं होतं, तेच ताट घेऊन ती काठी टेकत आली आणि ब्रेकरच्या अलीकडं उभ्या असलेल्या गाडीला कुंकू लावू लागली.

"बैलाची आरती झाली नं," बाबा ओट्यावरून म्हणाले. "पुरे."

मी जवळ गेले. "कशी आहे गाडी, बाबा?"

"किती पळते?"

"दोनशे वीस लिहून आहे."

"लिहून आहे," बाबा म्हणाले. त्यांची नजर धुराड्यांवर गेली. "आवाज असाच होता त्याचा. आपल्या दारासमोरून गेला नं, असाच."

ते आत गेले. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. सगळ्या जगात मला हीच गाडी आवडावी? आणि मी काय त्या माणसाची कुणी लागते? परत जाताना सोळाच्या सोळा ब्रेकर मी खरडत गेले. लाखनी येईपर्यंत माझं ठरलं होतं. मायला या गाडीत बसवायचं. माय बसली की बाबांना त्या आवाजात दुसरं काही ऐकू येईल, असा माझा हिशेब होता. ती बसली नाही, तर ही गाडी माझ्या माहेरात जन्मभर त्या पांढऱ्या गाडीची बहीण राहणार होती.

पंधरा दिवसांनी मी विचारलं, "माय, बसतेस का? एकोडीपर्यंत जाऊन येऊ."

"आज नाई," माय म्हणाली.

दसऱ्याला पुन्हा विचारलं. माय गाडीभोवती एक चक्कर मारून आली, वाकून काचेतून आत पाहिलं आणि म्हणाली, "यात बसलं म्हंजे समोरचं किती दूर दिसते वं?"

भीती घालवायची हीच वेळ, असं समजून मी तिला सगळं सांगितलं. सहा एअरबॅगा आहेत, ब्रेक जोरात लागतात, चाकं घसरत नाहीत, वर्गात शिकवते तसं मुद्देसूद सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं.

"थे नाई विचारलं मी," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दिवाळीत ती म्हणाली, "धान येऊ दे." धान आणि गाडी यांचा संबंध मला कळेना. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणाले की माय टाळून राहिली. तो म्हणाला, "घाबरत असतील. मीही घाबरतो." माझ्या घरात या विषयावर एवढी एकच सहानुभूती मिळाली.

मग डिसेंबरात एका शुक्रवारी मायचा फोन आला. माय स्वतःहून फोन करत नाही. केला तर कुणीतरी गेलेलं असतं, म्हणून मी उचलतानाच खुर्चीत बसले.

"परवा ये," माय म्हणाली. "गाडी घेऊन. साडेचारले इथी पोच. उशीर करू नको, मंग उपयोग नाई."

कसला उपयोग, हे विचारायच्या आत तिनं फोन ठेवला.

मी सव्वाचारलाच पोचले. ब्रेकरच्या अलीकडं गाडी थांबवली. धान निघालं होतं, अंगणभर पसरलं होतं. माय चांगलं लुगडं नेसून, चपला घालून, ब्रेकरपाशी काठी टेकून उभी होती. तिच्या पायाशी एक रिकामं टोपलं होतं. बाबा ओट्यावर होते आणि हा काय प्रकार आहे हे आपल्याला माहीत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

"इकडं या," माय बाबांना म्हणाली. "हे टोपलं घ्या अन् थ्या जागेवर उभे राहा. मी होती तिथी."

"काहून?"

"उभे त राहा."

लग्नाला पन्नास वर्षं होत आली असतील. बाबांनी मायचं दुसऱ्याच शब्दाला ऐकलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी टोपलं उचललं, ब्रेकर ओलांडला आणि दारासमोर, रस्त्याच्या त्या अर्ध्या बाजूला जाऊन उभे राहिले. ती जागा कोणती, हे त्यांना विचारावं लागलं नाही.

माय गाडीत बसली. बसली म्हणजे आधी काठी आत गेली, मग ती अडकली, मग माय उतरली, काठी मागं टाकली आणि माय पुन्हा बसली. सीट फार खाली होती. कमरेला हात लावून ती म्हणाली, "खाट बरी याच्यापेक्षा." मी तिचा पट्टा लावला. चार महिने मी ज्याची वाट पाहत होते ते घडलं होतं आणि मला मुळीच आनंद झाला नव्हता. मला भीती वाटत होती.

"मांगं घे," माय म्हणाली. "चिंचेच्या झाडापर्यंत. तिथून ये, जसा थो आला तशी."

"माय, कायले?" रागात किंवा भीतीत माझी शाळेतली भाषा निघून जाते.

"मले पाहाचं हाय, आतून कसं दिसते."

मी चिंचेपर्यंत गेले, गाडी वळवली. तिथून घरापर्यंत रस्ता सरळ आहे आणि त्याचं तोंड मावळतीला आहे. मी पहिल्या गिअरमध्ये निघाले.

"हळू नको चालवू," माय म्हणाली. "थो हळू नव्हता."

मी दुसरा टाकला, तिसरा टाकला. टर्बोनं ओढ घेतली, धुराड्यांचा तो आवाज निघाला. तीसवर काटा होता, चाळीसवर आला. झाडांच्या सावलीतून गाडी बाहेर पडली आणि समोरची काच पांढरी झाली. सगळीच. सूर्य नेमका रस्त्याच्या टोकावर, गाडी ठेंगणी, आणि काचेवर दिवसभराची धूळ. रस्त्याची कड दिसेना, घर दिसेना. बाबा तिथं उभे आहेत हे मला माहीत होतं, आणि मला बाबा दिसत नव्हते. मी ब्रेकवर पाय ठेवला नाही, त्यावर जवळजवळ उभीच राहिले. या गाडीचे ब्रेक चांगले आहेत. ब्रेकरच्या अलीकडं पूर्ण एक गाडीभर जागा सोडून आम्ही थांबलो.

त्या उजेडातून आधी टोपलं दिसलं. मग टोपलं धरलेले हात. बाबा जागेवरून इंचभरही हलले नव्हते. त्या आवाजाकडं तोंड करून ते उभे होते, कारण गाडी मी चालवत होते. हे मला तेव्हा कळलं.

मायनं डोळ्यांवर हात आडवा धरला.

"ऊनच दिसते," ती म्हणाली.

"हो."

"मले वाटे, त्यानं पाह्यलं मले." ती समोर बघत होती. "चौदा साल मले वाटे, पाहून आला अंगावर. मी असं काय केलं होतं त्याचं, वाटे."

घरात सगळे समजत होते की माय गाडीला घाबरते. चौदा वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं की तुला नेमकं काय होतं. मीही नाही. मी तिला एअरबॅगा सांगितल्या.

बाबा टोपलं घेऊन आले. काचेपाशी वाकून त्यांनी विचारलं, "काय दिसलं?"

"बसा तुमी," माय म्हणाली. "टोपलं द्या मले. मी उभी राहते."

"नाई."

"दिवस चालला. बसा."

माय उतरली, बाबा बसले. त्यांचे गुडघे छातीला लागले. मायनं मागच्या सीटवरची काठी मागून घेतली, ब्रेकरच्या कडेनं सावकाश पलीकडं गेली आणि रस्त्यावर उतरली. चौदा वर्षांनी ती त्या डांबरावर उभी होती. टोपलं तिनं कमरेवर घेतलं, ज्या बाजूला सळई नाही त्या बाजूला.

मी पुन्हा चिंचेपर्यंत गेले आणि निघाले. या वेळी मी वीसच्या वर जाणार नव्हते, आणि गेले नाही. तरीही बाबांनी एक हात समोर टेकवून ठेवला होता. सावली संपली. काच पांढरी झाली.

"कुठं हाय थे?" बाबा म्हणाले.

मी ब्रेक दाबायला लागलेच होते.

"दिसत नाई थे. थांबव. बाई, थांबव, थांबव म्हणतो नं!"

गाडी थांबली होती. ती कधीच थांबली होती, पण बाबांना ते कळलं नाही. त्यांनी दार उघडून उडी मारायला घेतली आणि पट्ट्यानं त्यांना परत सीटवर आपटलं. मी पट्टा काढला. ते उतरले, त्यांनीच बांधलेल्या ब्रेकरला अडखळले, हात टेकून उठले आणि पलीकडं गेले. मीही धावले.

माय जिथल्या तिथं उभी होती, थोडी वैतागलेली, कारण टोपल्यानं तिचा हात अवघडला होता. बाबांनी तिचा दंड धरला. बाबांनी मायचा दंड धरलेला मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या तळहाताला खरचटलं होतं, त्याचं रक्त तिच्या लुगड्याला लागलं.

"चौदा साल शिव्या देल्या मी त्याले," बाबा म्हणाले. "रोज देल्या."

मायनं टोपलं त्यांच्या हातात दिलं आणि पदरानं त्यांचा तळहात पुसला.

"देत राहा," ती म्हणाली. "दिसली नसन मी त्याले, मानलं. पर थांबला कुठं थो?"